उओझूच्या कोळिणी आणि तांदळाचा भाव

उसाच्या मळ्यांची वाट केवळ आपल्याच पूर्वजांनी धरली, असे नाही. १८८५ पासून जपानचे दरिद्री शेतकरीही सरकारी करारावर हवाई बेटांतील मळ्यांवर गेले. आज संपन्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या देशाचे हे जुने दारिद्र्य सहसा कोणी सांगत नाही. जे मायदेशीच राहिले, त्यांच्यातील काही कोळिणींची हकीकत येथे सांगावयाची आहे.

पहिल्या महायुद्धात जपानचे कारखानदार व जहाजमालक गबर झाले. अशांना लोक ‘नारिकिन’ म्हणत. जपानी बुद्धिबळातील प्यादे पुढे जाऊन ‘सोने’ होते, त्यावरून हा शब्द आला. आपल्या ‘प्याद्याचा फर्जी’ ह्या म्हणण्याचाच तो भाऊ म्हणावा! इकडे तांदळाचा भाव मात्र दोन वर्षांत दुपटीहून अधिक चढला. सैबेरियात सैन्य जाणार अशी वार्ता पसरताच व्यापाऱ्यांनी साठे दडवून ठेवले.

तोयामा प्रांतातील उओझू हे किनाऱ्यावरचे गाव. तेथील पुरुष मासेमारीसाठी दूर उत्तरेस जात; घर स्त्रियांवर असे. ह्यांपैकी कित्येकजणी बंदरात तांदळाची पोती वाहण्याचे काम करीत. म्हणजे जे धान्य आपल्या चुलीवर शिजत नाही, तेच पाठीवरून जहाजापर्यंत पोचवावयाचे! जुलै १९१८ च्या उत्तरार्धात त्या किनाऱ्यावर जमल्या आणि तांदूळ बाहेर धाडू नका, येथेच रास्त भावाने विका, असे त्यांनी मागितले. आरंभी लूट नव्हती, जाळपोळ नव्हती; होती ती केवळ विनवणी आणि अडवणूक.

वृत्तपत्रांनी ही बातमी देशभर नेली. ऑगस्टमध्ये क्योतो, ओसाका, कोबे ही नगरे पेटली. कोबे येथे सुझुकी नामक बलाढ्य व्यापारी पेढीची कचेरी जमावाने जाळली. सरकारने सैन्य बोलाविले, बातम्यांवर बंदी घातली आणि सुमारे २५,००० लोकांना अटक केली. जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांच्या वाट्यास शिक्षा अधिक कठोर आल्या. परंतु सप्टेंबरात तेराउची मंत्रिमंडळास जावे लागले आणि सरदारी पदवी नसलेले हारा ताकाशी पंतप्रधान झाले.

१८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, तेव्हा १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा झाला. जपानमध्येही १९२१ साली तांदळाचा कायदा होऊन सरकार खरेदी-विक्रीने भाव सावरू लागले. मात्र हा स्वस्त तांदूळ आला कोठून? बराचसा पराधीन कोरियातून. १९२० पासून तेथे उत्पादनवाढीची योजना राबविण्यात आली. पीक वाढले, पण जपानकडे होणारी निर्यात त्याहून वेगाने वाढली आणि कोरियन माणसाच्या ताटातला भात कमी झाला. वसाहतीत मळे कसे चालतात हे ज्यांच्या घराण्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्याचा अर्थ उलगडून सांगावयास नको.

हारा ह्यांनी सार्वत्रिक मताधिकारास विरोधच केला. १९२५ साली पंचविशी उलटलेल्या पुरुषांना तो मिळाला, आणि त्याच वर्षी चळवळी दडपणारा कायदाही आला. ज्या स्त्रियांनी जहाज अडविले, त्यांना मात्र मत नव्हते. जपानी स्त्रियांनी प्रथम मतदान केले ते १० एप्रिल १९४६ रोजी. त्या निवडणुकीत ३९ स्त्रिया निवडून आल्या. उओझूच्या पोती वाहणाऱ्या तरुणी तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या.