पोलीस आले, तिकीट काढा!

सूरजागडच्या बाजूला वाढलेल्या माणसाला ‘पोलीस आले’ हे शब्द गाण्याशी जोडता येत नाहीत. आमच्याकडे त्याचा अर्थ गस्त, नाकाबंदी, ‘कुठून आला, कुठं चालला?’ त्यामुळे मार्च १९८० मध्ये पोलीस मुंबईत आले आणि लोकांनी तिकीट काढून त्यांना पाहिलं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं.

‘द पोलीस’ हा लंडनमध्ये १९७७ साली जमलेला तिघांचा रॉक बँड. स्टिंग गाणार आणि बास वाजवणार, ड्रमवर स्ट्युअर्ट कोपलंड, गिटारवर अँडी समर्स. मॅनेजर स्ट्युअर्टचा भाऊ माइल्स. आधी रेकॉर्ड खपवायची, मग दौरा काढायचा, हा या धंद्याचा शिरस्ता. यांनी तो उलटा केला. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेत कुणी ओळखत नसताना हे लेकर एअरवेजच्या स्वस्त विमानाने न्यूयॉर्कला उतरले, सीबीजीबी क्लबमध्ये वाजवलं आणि पुढे व्हॅनमधून शहरं पालथी घातली. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर.

१९८० पर्यंत ब्रिटनमध्ये त्यांची दोन गाणी पहिल्या नंबरवर जाऊन आली होती. आता आरामात युरोप-अमेरिका करता आली असती. पण पहिल्या जगदौऱ्यात जपान, हाँगकाँग, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियानंतर त्यांनी मुंबई, कैरो आणि अथेन्स घेतलं. कैरोचं एक कारण घरगुती होतं: कोपलंड भावांचे वडील सीआयएचे, त्यामुळे पोरांचं बालपण तिकडच्याच देशांत गेलेलं. मुंबईचं काय? तो फेरा कायद्याचा काळ. परकीय चलनावर कडक पहारा, कोका-कोला १९७७ मध्येच गाशा गुंडाळून गेलेली. परदेशी रॉक बँडला इथून कमाई ती काय होणार?

आणि हा कार्यक्रम घेतला कुणी? टाइम अँड टॅलेंट्स क्लबने. म्हणजे समाजकार्यासाठी निधी उभारणाऱ्या मुंबईच्या बायकांनी! रॉक म्हटलं की आपल्याला केस वाढवलेली पोरं आठवतात. इथे पुढाकार या बायांचा होता. मला या अख्ख्या दौऱ्यात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. बँडसोबत कॅमेराही फिरत होता, त्यातून पुढे १९८२ मध्ये ‘द पोलीस अराउंड द वर्ल्ड’ ही फिल्म आली. तिचे हिरो अर्थात ते तिघे. दौऱ्याचा इतिहास नेहमी गाडीतून उतरणाऱ्यांचा लिहिला जातो, मंडप घालणाऱ्यांचा नाही.

हे मला खटकतं, कारण मंडप घालणारे मी पाहिलेत. आमच्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, वैनगंगेच्या धानपट्ट्यात झाडीपट्टीची नाटकं होतात. कंपन्यांचं ठाणं वडसा, सीझन दिवाळी ते होळी. गावातलं मंडळ वडशाला जाऊन नाटक बुक करतं, मंडप टाकतं, तिकिटं खपवतं. घरोघरी पाहुणे येतात, नाटकाच्या निमित्ताने सोयरिकीही जुळतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यातल्या माझ्या टीममध्ये झाडीपट्टी हा शब्दच कुणी ऐकलेला नव्हता. लंडनच्या बँडची नावं मात्र सगळ्यांना पाठ.

आमच्या एटापल्ली तालुक्यात, माडिया मुलखात, वेगळंच. जानेवारीत सूरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. तिथे लोक कुणाच्या दौऱ्याची वाट बघत नाहीत, ते स्वतःच पायी डोंगर चढून येतात. एरवी त्या रस्त्याला दौरा असतो तो लोहखनिजाच्या ट्रकांचा. मेटल म्हणाल तर भरपूर, पण ते सगळं बाहेर जाणारं.

पुढे बँड फुटला. २००७-०८ मध्ये तिघे पुन्हा एकत्र आले, स्टेडियमं भरली, कमाई ३५ कोटी डॉलरच्या वर गेली. तोवर भारतात परदेशी चलनाचा प्रश्न उरला नव्हता, मोठे आयोजक होते, स्पॉन्सर होते. त्या दौऱ्यात मुंबई नव्हती.