कागदावरची नदी

अमेरिकेच्या पश्चिमेकडील रूक्ष प्रदेश कोलोरॅडो नदीवर जगतो. रॉकी पर्वतावरील हिम वितळून तिला पाणी येते. खालच्या वाळवंटात पाऊस नाममात्रच. १९२२ साली सांता फे येथे, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हर्बर्ट हूव्हर यांच्या अध्यक्षतेखाली, सात राज्यांच्या प्रतिनिधींनी या पाण्याची वाटणी ठरविली. वरच्या व खालच्या खोऱ्यांस दरवर्षी प्रत्येकी ७५ लक्ष एकर-फूट पाणी मिळावयाचे होते. परंतु ज्या वर्षांच्या मोजणीवर हा हिशेब बेतला, ती वर्षे विलक्षण ओली होती, हे पुढे वृक्षांच्या खोडांतील वार्षिक वलयांवरून दिसून आले. त्यातच १९४४ च्या तहाने मेक्सिकोचा १५ लक्ष एकर-फुटांचा वाटा मान्य झाला. खोऱ्यातील आदिवासी जमातींना तर १९२२ च्या बैठकीत स्थानच नव्हते.

हूव्हर व ग्लेन कॅन्यन या धरणांनी पाणी साठविता आले. ते वाढविता आले नाही. १९६० नंतर बहुतेक वर्षी ही नदी समुद्रास पोहोचण्यापूर्वीच आटू लागली. २०२१ साली मीड सरोवरातील पाण्याचा तुटवडा प्रथमच अधिकृतपणे जाहीर करावा लागला. वाटणी करणाऱ्यांनी नदीच्या भरभराटीचा काळ हाच तिचा स्वभाव मानला. त्याचे मोल पुढील पिढ्या चुकवीत आहेत.