दोन वेताळ आणि त्यानंतरचे वाचन

एकेकाळी मराठी वाचनवेड्या घरांत दोन वेताळ सुखाने नांदत असत. एक ‘चांदोबा’तला, राजा विक्रमाच्या खांद्यावरून कथा सांगणारा आणि राजाने मौन सोडताच पुन्हा झाडाला जाऊन लटकणारा. दुसरा ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला, मुखवटा लावून कवटीच्या आकाराच्या गुहेत राहणारा. हा दुसरा मूळचा अमेरिकी. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला ‘फँटम’ १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनातून आपल्याकडे आला, तो ‘वेताळ’ हे नाव घेऊन. त्याच्या देशाचे मूळ नाव बंगालशी जवळीक सांगणारे होते. भारतीय आवृत्तीत ते ‘डेंकाली’ झाले. भाषांतरविद्येच्या तासाला याहून सुटसुटीत उदाहरण मिळणे कठीण.

हा इतिहास आठवण्याचे कारण आम्हांला वरचेवर विचारला जाणारा एक प्रश्न. ‘कादंबऱ्या वाचतो, कधीमधी कविताही, चित्रकथांची मात्र सवय नाही. एखादी चांगली सुचवा.’ विचारणाऱ्याच्या स्वरात थोडा संकोच असतो, आणि त्याची स्मृती बहुधा १९९० साली, इंद्रजाल बंद पडले तिथेच, थबकलेली असते. त्यापुढे चित्रकथा प्रौढ झाली, ही वार्ता साहित्याच्या विभागांत फारशी पोचली नाही. आमच्या मते हा दोष वाचकाचा नसून आम्हां शिकवणाऱ्यांचा अधिक. ‘मुलांचे वाङ्मय’ या कप्प्यात एकदा टाकलेली वस्तू आपण सहसा पुन्हा बाहेर काढून पाहत नाही.

‘अमर चित्र कथा’ हा त्या कप्प्यातला सर्वांत जड ऐवज. इंद्रजालच्या उभारणीत ज्यांचा हात होता त्या अनंत पै यांनी १९६७ साली ही माला सुरू केली. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांविषयी सांगता आले, पण रामाची आई कोण ते सांगता आले नाही, हे पाहून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम या मराठी चित्रकारांची रेषा म्हणजे या मालेचा कणा. गोऱ्या वर्णाचे नायक, काळसर वर्णाचे राक्षस आणि पतिव्रतांची रांग यांवर अभ्यासकांनी पुढे जी टीका केली ती रास्तच आहे. तरीही आमच्या पिढीची पुराणे पुष्कळशी याच पानांवरून आली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तर मग नवख्याच्या हाती काय द्यावे? अनेक जाणकार ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचे ‘वॉचमेन’ (१९८६-८७) सुचवतात. आम्हांला हे पटत नाही. ते पुस्तक महानायकांच्या पन्नास वर्षांच्या परंपरेशी भांडते; ती परंपराच ज्याला ठाऊक नाही त्याला त्या भांडणाची गंमत कशी कळावी? त्यापेक्षा मार्जान सत्रापी यांचे ‘पर्सेपोलिस’ (२०००-०३) सोपे आणि खोलही. १९७९ च्या इराणी क्रांतीच्या वेळी नऊ वर्षांची असलेली मुलगी, साधी काळीपांढरी चित्रे, आणि बुरख्याची सक्ती शाळेपर्यंत कशी पोचते याची घरगुती वाटावी अशी हकिकत. दोन संध्याकाळींत वाचून होते.

त्यानंतर आर्ट स्पीगलमन यांचे ‘माऊस’. ज्यू उंदीर, जर्मन मांजरे, हे ऐकून पुस्तक बालिश वाटण्याचा संभव आहे. तसे ते नाही. ऑशविट्झमधून वाचलेला बाप आणि त्याची कहाणी टिपून घेणारा, त्याच्यावर वैतागणारा मुलगा यांचे हे पुस्तक. पोलंडहून आलेल्या बापाचे मोडके इंग्रजी लेखकाने दुरुस्त केलेले नाही; बोलीचे मोल जाणणाऱ्या मराठी वाचकाने तिकडे लक्ष द्यावे. १९९२ साली त्याला विशेष पुलित्झर मिळाले, आणि २०२२ साली टेनेसीतल्या एका शाळामंडळाने ते अभ्यासक्रमातून काढून टाकले.

भारतीय चित्रकथेकडे वळायचे तर ओरिजित सेन यांच्या ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ने (१९९४) आरंभ करावा. नर्मदेवरील धरणाचा वाद आणि आदिवासी गायकाने गायिलेली सृष्टीच्या उत्पत्तीची कथा हे दोन प्रवाह तीत एकमेकांत मिसळतात. कित्येक वर्षे हे पुस्तक दुर्मीळ होते. २०२२ साली ते पुन्हा निघाले. नंदुरबारकडच्या बुडालेल्या गावांविषयी ज्यांना आस्था आहे त्यांनी ते जरूर पाहावे.

परंतु एकच पुस्तक सांगा असा आग्रह झाला, तर आम्ही ‘भीमायन’ सांगू. दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांच्या संहितेवर ते रचले आणि २०११ साली नवायनने प्रसिद्ध केले. बाबासाहेबांच्या आत्मपर आठवणींतले प्रसंग त्यात आहेत: वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली तहानलेली मुले, बडोद्यात नाकारला गेलेला निवारा, दौलताबादच्या किल्ल्यातले पाणी. प्रसंग आपल्याला पाठ आहेत. नवी आहे ती पानाची रचना. व्याम दांपत्याने चौकटी मुळी आखल्याच नाहीत. पात्रांना पेटीत कोंडणे त्यांना मंजूर नव्हते. घराच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढल्या जाणाऱ्या ‘दिग्ना’ या नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागले जाते. आगगाडी सर्पासारखी सळसळते. प्रेमळ बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते, जातीचे विष ओकणाऱ्या वाक्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. एखादे वाक्य कुणाला कसे लागते हे सांगायला गद्यकाराला विशेषणे लागतात. इथे अक्षर वाचण्याआधीच नांगी दिसते.

शक्य असल्यास याच्या शेजारी अमर चित्र कथेतले १९७९ चे ‘बाबासाहेब आंबेडकर’ ठेवून पाहावे. तिथे चौकटी काटेकोर, प्रसंग कालक्रमाने, आणि अन्यायावर मात करून वर येणारा थोर पुरुष मध्यभागी. ‘भीमायन’मध्ये आजची वृत्तपत्रीय कात्रणेही येतात, त्यामुळे अन्याय ‘पूर्वीचा’ म्हणून मिटून टाकायची सोय राहत नाही. इतिहासलेखनातल्या दोन दृष्टी समजावायला ही दोन पुस्तके आम्हांला पुरेशी वाटतात.

त्याच वर्षी त्याच प्रकाशनाने ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ काढले. संहिता पुन्हा श्रीविद्या नटराजन यांची, चित्रे अपराजिता निनान यांची, आधार महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’चा (१८७३). मूळ ग्रंथ जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाच्या रूपात आहे, त्यामुळे चित्रकथेला तो मानवावा यात नवल नाही. खंत एवढीच की मराठी ग्रंथाला हे रूप आधी इंग्रजीत मिळाले. इतर वाचकांनी थेट चित्रांपासून सुरुवात करायला हरकत नाही. मराठीच्या विद्यार्थ्यांनी मात्र आधी मूळ ‘गुलामगिरी’ वाचावी, आणि मग हे पुस्तक उघडावे.