शहाजोग कोण?

अनोळखी माणसाशी व्यवहार करताना पैसे आधी की माल आधी, हा प्रश्न मोबाइल फोनबरोबर आलेला नाही. आपल्याकडच्या पेढ्यांवर हुंडी चालत असे, तेव्हाही तो होताच. हुंडीच्या प्रकारांपैकी ‘शहाजोग हुंडी’ मला फार बोलकी वाटते. ती कुणीही उठून वटवू शकत नसे. हुंडी घेऊन आलेला माणूस ‘शहा’ म्हणजे बाजारात पत असलेला आहे की नाही, याची चौकशी करूनच सराफाने पैसे द्यायचे. चौकशी न करता भलत्याच्या हाती पैसे दिले, तर जबाबदारी सराफाची. शहाजोग म्हणजे विश्वासाला पात्र. आज मात्र आपण हा शब्द साळसूदपणाचा आव आणणाऱ्यासाठी वापरतो. शब्दांनाही बाजारातले अनुभव येत असावेत!

दुसरी होती जोखमी हुंडी. मालाचे गलबत सुखरूप बंदराला लागले तरच तिचे पैसे मिळत. विकणारा ही हुंडी तिसऱ्याला विकून आपले पैसे आधीच मोकळे करी, आणि घेणाऱ्याला माल आल्याशिवाय काही द्यावे लागत नसे. गलबत बुडाले तर तो तिसरा बुडे. अर्थात या जोखमीचा मोबदलाही तो घेत असे.

हे सारे पेढीवाल्यांचे झाले. सामान्य माणसाला असा मधला माणूस मिळाला तो पोस्टमनच्या रूपाने. 1877 साली आपल्या टपाल खात्याने व्ही.पी.पी. सुरू केली. 1880 पासून मनीऑर्डरही आली. पुस्तके, घड्याळे, औषधे ‘व्ही.पी.ने मागवा’ अशा जाहिराती जुन्या मासिकांतून पानोपानी दिसतात. पोस्टमनने पार्सल दारात आणायचे, घेणाऱ्याने पैसे मोजायचे आणि ते मनीऑर्डरने विकणाऱ्याकडे जायचे. यातही खोट होतीच, कारण पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडता येत नसे. आत घड्याळाऐवजी दगड निघाला तर? म्हणून मागणी खरोखर आलेली आहे, असे पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याची तरतूद टपाल कायद्यातच करावी लागली.

हाच पेच पुढे शतकभराने अमेरिकेत नव्याने उभा राहिला. सप्टेंबर 1995 मध्ये पियरे ओमिद्यार यांनी लिलावाचे एक संकेतस्थळ उघडले, तेच पुढे ‘ईबे’ झाले. एकमेकांना कधीही न पाहिलेली माणसे तिथे जुन्या वस्तू विकू लागली. पैसे जात टपालाने, चेकने किंवा मनीऑर्डरने. कोण शहा, कोण भामटा हे कसे ओळखायचे? म्हणून 1996 मध्ये ईबेने घेणाऱ्या-विकणाऱ्यांना एकमेकांविषयी शेरे लिहिण्याची सोय केली. पेढीवरची चौकशीच ती, फक्त उघड्यावर मांडलेली.

मग आली ‘पेपाल’. ई-मेलवरून पैसे पाठवण्याची ही सोय लोकांना आवडली, पण चोरलेल्या क्रेडिट कार्डांच्या टोळ्यांनाही आवडली. 2000 च्या मध्याला कंपनी फसवणुकीत महिन्याला एक कोटी डॉलरहून अधिक गमावत होती, असे तिचे एक संस्थापक पीटर थील यांनी पुढे पुस्तकात लिहिले आहे. दुसरे संस्थापक मॅक्स लेव्हचिन यांच्या चमूने दोन उपाय काढले. एक म्हणजे वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावून समोर माणूस आहे की यंत्र, हे पारखणे. दुसरा, संशयास्पद व्यवहार संगणकाने वेचायचे आणि निर्णय माणसाने घ्यायचा. ईबेने 2002 मध्ये दीड अब्ज डॉलरना पेपाल घेतली.

माझ्या मते चीनने काढलेला तोडगा याहून सोपा होता. 2003 मध्ये ‘ताओबाओ’वर ‘अलीपे’ची पद्धत सुरू झाली. घेणाऱ्याने पैसे अलीपेकडे ठेवायचे, माल मिळाल्याचे त्याने कळवले की मगच ते विकणाऱ्याला मिळणार. ईबेने 2004 मध्ये मुंबईची ‘बाझी’ विकत घेतली. ईबेच्या भारतातल्या दुकानात ‘पैसापे’ याच धर्तीवर चाले. ते दुकान 2018 मध्ये बंद झाले. माल आल्यावर दारात पैसे देण्याची पद्धत आपल्याकडे 2010 नंतर फोफावली. ती तर सरळसरळ व्ही.पी.चीच नात!

2016 मध्ये यूपीआय आली आणि चित्र बदलले. ती बनली एका खात्यातून दुसऱ्यात तत्काळ पैसे पाठवण्यासाठी. दोन माणसांतल्या अशा व्यवहारात माल येईपर्यंत पैसे धरून ठेवणारा कुणी नाही. पिन टाकला की पैसे गेले. भामट्यांनी नेमके हेच हेरले. तुम्ही जुना फ्रिज विकायला काढता. समोरचा घासाघीस न करता किंमत मान्य करतो, लष्करात असल्याचे ओळखपत्र पाठवतो आणि म्हणतो, “कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.” इथेच थांबावे, कारण पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन म्हणजे ‘माझ्या खात्यातून द्या’ असा हुकूम. ‘चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा’ म्हणणाऱ्याचे छायाचित्र किंवा संदेश प्रमाण मानू नये, आपले खाते उघडून शिल्लक पाहावी. आणि खरेदीच्या संकेतस्थळावर भेटलेला विक्रेता ‘बाहेर थेट पैसे द्या, स्वस्तात देतो’ म्हणाला, तर तो मधल्या माणसालाच दूर सारतो आहे.

दोन व्यक्तींमधली यूपीआयवरची ‘पैसे मागण्याची’ सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली. तिचा आडोसा घेऊन होणारी लूट त्यामुळे थांबली, स्कॅन करायला लावणारे मात्र आहेतच. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये नियम केला, की ग्राहकाच्याच निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून घरच्यांना काय सांगू, या संकोचात रात्र घालवू नये. लगेच बँकेला आणि 1930 या क्रमांकावर कळवावे. चोराच्या खात्यातून पैसे पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी कळले, तरच ते गोठवता येतात.