लक्ष लागत नाहीं तेव्हां

“लक्ष कुठें आहे तुझें?” हा प्रश्न आम्हीं शिक्षकांनीं पिढ्यान् पिढ्या विचारला, उत्तराची वाट मात्र क्वचितच पाहिली. ज्यांनीं ती पाहिली, अशा कांहींची हकीगत आज सांगावयाची आहे.

१७९८ सालीं अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्यानें लिहिलें कीं, मन एका विषयावर स्थिर न राहणें हा दोष जन्मजातही असूं शकतो व तो विद्याभ्यासाच्या आड येतो. निदान झालें, उपायाचा धागा मात्र फ्रान्समध्यें सांपडतो. तेथें १८०१ च्या सुमारास इतार या वैद्यानें रानांत सांपडलेल्या व्हिक्टर नांवाच्या मुलास स्पर्श, दृष्टि व श्रवण यांच्या द्वारें शिकविण्याचा यत्न केला. त्याचा शिष्य सेगँ यानें तीच रीत बुद्धीनें मागें राहिलेल्या मुलांसाठीं वाढविली. या दोघांचे ग्रंथ डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं अभ्यासिले आणि १९०७ सालीं रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तींत ‘मुलांचें घर’ उघडलें.

तेथील सुमारें तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या खळग्यांत बसवीत होती. बाईंनीं भोंवतालच्या मुलांना गावयास लाविलें, तिला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेविलें. तरी तिचा हात थांबला नाहीं. चाळिसांहून अधिक आवर्तनें झाल्यावर ती आपणहून थांबली, ती प्रसन्न मुद्रेनें. अवधान हुकमानें येत नाहीं; हाताजोगें काम मिळालें कीं तें उगवतें, हा त्यांतील बोध. हीच पद्धति १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डीस खेड्यांतील मुलांपर्यंत नेली. महागड्या साधनांच्या जागीं शिंपले, खडे आणि बिया आल्या.

मात्र भाबडेपणा नको. अवधानाच्या या दोषास १९८० सालीं अमेरिकन मानसवैद्यांनीं स्वतंत्र नांव दिलें. त्यांत आनुवंशिकतेचा वांटा मोठा, हें आतां ठाऊक आहे. एका खेळांत कमावलेली एकाग्रता गणितांत उतरेलच असें नाहीं, आणि कित्येक मुलांना वैद्याचें साह्य लागतें.

माझ्या वर्गांत क्षणभर स्थिर न बसणारा एक मुलगा होता. एके दिवशीं तो शाळेचें बंद घड्याळ खोलून तासभर मान वर न करतां बसलेला दिसला. मीं त्याला छडी मारली. त्याचें लक्ष कुठें आहे, याचें उत्तर त्या दिवशीं माझ्यासमोर होतें.