चारचौघांत घेतलेला नियम

‘परमात्मा एक’ या मार्गाच्या सेवकांच्या पाच नियमांत एक नियम व्यसनं सोडण्याचा आहे. त्यात व्यसनांची नावं घेतलेली आहेत. दारू, गांजा, जुगार, सट्टा, लॉटरी ही तर आहेतच. त्यांच्या जोडीला कोंबड्यांची काती आणि पटावरची होडही आहे. शेवटची दोन कुठल्या पोथीतून आलेली नाहीत. कोंबड्याच्या पायाला धारदार पातं बांधून लावलेली झुंज आणि शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोडीवर लावलेला पैसा ही पूर्व विदर्भातल्या धान पिकवणाऱ्या माणसाची ओढ आहे. मळणी होऊन धान विकलं गेलं की हातात पैसा येतो, पटाचे दिवसही तेव्हाच असतात, आणि वर्षभराची उधारी फेडायच्या आधी तो पैसा मैदानात संपतो. ज्याने ही यादी केली त्याने माणसं जवळून पाहिली होती.

यादी करणारे बाबा जुमदेव ठुब्रीकर (१९२१–१९९६) नागपूरच्या विणकर कुटुंबातले. चार तत्त्वं, तीन शब्द आणि पाच नियम एवढीच त्यांनी घालून दिलेली आचारसंहिता. सत्य, मर्यादा, प्रेम हे ते तीन शब्द. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, तुमसर, लाखनीकडच्या गावांत या मार्गाची घरं मोठ्या संख्येने आहेत. घरं म्हणतो, कारण इथे नियम एकट्याने घ्यायचा नसतो, सगळ्या घराने घ्यायचा असतो. बापाने दारू सोडायची असेल तर बायको, मुलं, सुना सगळी त्या नियमात येतात. मग ठरल्या दिवशी चर्चा बैठक. सेवक जमतात, एकमेकांना ‘नमस्कारजी’ म्हणतात, मार्गदर्शक बोलतो, आणि जो आला नाही त्याची चौकशी होते. माझ्या मते सगळं बळ या चौकशीत आहे. ज्याचा पाय घसरला त्याला पुढच्या बैठकीत तोंड दाखवायचं असतं, आणि ते दाखवल्यावर त्याला हाकललं जात नाही, पुन्हा बसवलं जातं.

ही रीत जुमदेवबाबांपासून सुरू झाली नाही. वैनगंगेच्या काठाने मागे जात राहिलं तर ती दोन हजार वर्षांपलीकडे पोचते. पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आला. दगडांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली सापडली. भिक्षूंच्या मागे उभा असलेला गृहस्थांचा समाज त्यातून दिसतो. बौद्ध उपासकाचं पंचशील त्रिसरणासोबत मोठ्याने म्हणून घ्यायचं असतं, आणि त्यातलं पाचवं शील मादक पदार्थ टाळण्याचं. शिवाय उपोसथ. चंद्राच्या ठरावीक तिथींना उपासकांनी एकत्र यायचं आणि त्या दिवसापुरते अधिक कडक नियम पाळायचे. सवय बदलण्यासाठी पंचांगात दिवस राखून ठेवण्याची ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. आयुष्यभराचा निश्चय माणसाला पेलत नाही, पौर्णिमेपर्यंतचा पेलतो.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या भोवती जमलेल्या शिष्यांत निळभट्ट भांडारेकार आहेत. भंडाऱ्याचं नाव महानुभाव पंथाच्या अगदी पहिल्या पिढीत असं गोवलेलं आहे. त्या पंथाच्या आचारात मद्य आणि मांस दोन्ही वर्ज्य. वारकऱ्याची तुळशीची माळही तेच काम करते: ती गळ्यात दिसते, म्हणून गुत्त्याच्या दारात उभं राहताना माणसाला लाज वाटते. नियम अंगावर दिसला पाहिजे, हे वारकऱ्यांनी ओळखलं होतं. एवढं सांगून पुढे जातो, कारण आजच्या बैठकीला खरा आकार मिळाला तो विसाव्या शतकात.

तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत ना पुजारी लागतो ना देऊळ. वेळ लागते आणि सोबत लागते. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा विदर्भातल्या खेड्याखेड्यांत गेल्या. पहाटे उठणं, गाव झाडणं, संध्याकाळी एकत्र बसणं असा दिवसाचा क्रम त्यांनी लावून दिला. वाईट सवय काढली की तिच्या जागी रिकामी संध्याकाळ उरते, आणि ती रिकामी संध्याकाळच माणसाला पुन्हा गुत्त्यावर नेते. तुकडोजींनी त्या वेळेला काम दिलं. चांगल्या सवयी लावण्याच्या आजच्या पुस्तकांत एवढी नेमकी गोष्ट मला क्वचितच सापडते.

दुसरा धागा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. १९५४ मध्ये भंडाऱ्यातून ते लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर असलेल्या नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, या त्यातल्याच. लोकांनी त्या उभं राहून, बाबासाहेबांच्या मागोमाग, शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटल्या. पवनीच्या स्तूपाभोवती जे शील कधीकाळी म्हटलं गेलं असेल, ते वैनगंगेच्या मुलखात असं परत आलं.

तिकडे अमेरिकेत विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये सवयीवर लिहिताना जवळपास हेच सांगितलं होतं: नवी सवय जोरात सुरू करा, जमल्यास लोकांसमोर शपथ घ्या, आणि ती अंगवळणी पडेपर्यंत एकही अपवाद करू नका. एकवीस दिवसांत सवय लागते हा समज मात्र मॅक्सवेल माल्ट्झ या शल्यविशारदाच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा सवय लागण्याचा मध्यक ६६ दिवसांचा आला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एवढे महिने एकट्याने हिशेब ठेवत बसणाऱ्याचं अवघड आहे. दर आठवड्याला कुणी वाट पाहत असेल तर ते महिने निघतात.

कायद्याचा रस्ता वेगळा. वैनगंगेच्या खालच्या अंगाला गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये ती आली आणि २०२१ मध्ये उठली. भंडारा जिल्ह्यात बंदी नाही. आहे तो गावापुरता उपाय, आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बंदीच्या बाजूने मत दिलं तर दुकान बंद होतं. ते मी बैठकीच्याच घराण्यातलं मानतो, कारण तिथेही बायका आधी एकमेकींसमोर बोलतात, मग मत देतात.

बैठकांबद्दल एक आक्षेप मात्र मनापासून नोंदवतो. या मार्गांत आजार बरे झाल्याच्या कथा सांगितल्या जातात, आणि त्या ऐकून कुणी दवाखाना टाळू नये. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावेत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून औषधोपचार आणि समूह ही जोडी सांभाळली आहे. मार्गदर्शकाने नवा सेवक बैठकीत घेण्याआधी त्याला जिल्हा रुग्णालयात नेलं, तर नियमाला काहीही उणेपणा येत नाही.

आणि आता खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकवर घोटून दिलेली ही पुडी पूर्व विदर्भात पानठेल्यावर मिळते. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी खर्रा सुटला नाही. दारू पिणाऱ्याला गाव नावं ठेवतं. खर्रा मात्र पाहुण्याला देतात, रोवणीच्या बांधावर वाटून खातात, शाळकरी पोरं पानठेल्यावर मोठ्यांच्या शेजारी उभी राहून शिकतात. तोंडाच्या कर्करोगाचा रस्ता तिथून जातो, हे माहीत असूनही नाही म्हणणारा एकटा पडतो. म्हणून एकट्याला समजावून इथे काही व्हायचं नाही. ज्या पाच-सहा जणांची पुडी एकत्र घोटली जाते, त्यांनीच एका संध्याकाळी एकमेकांसमोर ती सोडायची आहे, आणि पुढच्या आठवड्यात त्याच ठिकाणी एकमेकांची चौकशी करायची आहे.