झेनॉन की एलईडी? हेडलाइटची शंभर वर्षं आणि मामांचा एक प्रश्न



आजचा प्रश्न गाडी घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मित्राने मला विचारलाय. रात्रीच्या ड्रायव्हिंगला झेनॉन चांगला की एलईडी? मी बीटेक केलं, नोकरी सॉफ्टवेअरची करतो, पण इंजिनियर म्हटलं की लोक काहीही विचारतात. आणि मीही बरीच वर्षं एकच उत्तर ठोकून द्यायचो : ज्याचा उजेड जास्त, तो चांगला. हे उत्तर चुकीचं आहे, हे मला मामांनी शिकवलं. मामा एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत.

झालं असं, की मी आमच्या जुन्या हॅचबॅकचे हॅलोजन बल्ब काढून त्याच जागी बाजारातले एलईडी बल्ब बसवले. पांढराशुभ्र उजेड! साताऱ्याजवळ आमच्या गावी गेलो, तेव्हा मामांना कौतुकाने दाखवायला रात्री गाडी रस्त्यावर काढली. मामा म्हणाले, "डिपरवर ठेव आणि पुढे जाऊन उभा राहा." पन्नासेक पावलं गेलो, मागे वळलो, तर डोळ्यांपुढे नुसतं पांढरं. तेवढ्यात मामांचा आवाज आला, "मी कुठं आहे सांग?" आवाज येत होता, पण माणूस काही दिसेना. मामा गाडीला लागूनच, रस्त्याच्या मधोमध उभे होते. म्हणाले, "आता इथं सायकलवाला असता तर?"

या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग शोधायला लागलो, आणि कळलं की हेडलाइटचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतोय. चला, सुरुवातीपासून बघू.

सुरुवातीच्या काळात बऱ्याच गाड्यांवर कार्बाइडचे दिवे असायचे. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो, तो पेटवायचा. पुढे १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि त्यासोबत विजेचे दिवे. बॅटरी आणि डायनॅमो गाडीतच असल्यामुळे विजेचे दिवे भरवशाचे झाले. पण लगेच दुसरी भानगड सुरू झाली : समोरच्याच्या डोळ्यांवर येणारा झोत.

यावर १९२५ मध्ये ऑसरामने बिलक्स नावाचा बल्ब काढला. एकाच बल्बमध्ये दोन तारा, एक अप्परसाठी, एक डिपरसाठी. गंमत डिपरच्या तारेत आहे. तिच्याखाली पत्र्याची छोटीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे तो फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. म्हणजे बघा, उजेड वाढवायला नाही, अडवायला डोकं लावलंय! भिंतीसमोर गाडी लावली की उजेडाची जी आडवी रेघ दिसते, तिला कटऑफ म्हणतात. रेघेच्या खाली तुमचा रस्ता, रेघेच्या वर समोरच्याचे डोळे.

१९६२ मध्ये युरोपात गाड्यांसाठी हॅलोजन बल्ब आला, आणि १९७१ मध्ये एच-फोर. आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत अजूनही हाच बल्ब असतो, आणि त्यातही तीच वाटी आहे.

आता झेनॉन. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजमध्ये तो पहिल्यांदा आला. यात तारच नाही. काचेच्या छोट्या कुपीत दोन टोकं, मध्ये साधारण चार मिलिमीटरचं अंतर, आणि त्यात पेटणारी ठिणगी, म्हणजे आर्क. ती पेटवायला वीस हजार व्होल्टच्या आसपास झटका लागतो, म्हणून बॅलास्ट नावाचा वेगळा डबा. ५५ वॅटचा हॅलोजन साधारण १५०० लुमेन देतो, तर ३५ वॅटचा झेनॉन ३२०० च्या घरात. कमी विजेत दुप्पट उजेड!

पण झेनॉनला पूर्ण उजळायला काही सेकंद लागतात, त्यामुळे तो अप्पर-डिपरसारखा पटापट चालू-बंद करता येत नाही. म्हणून सुरुवातीला झेनॉन फक्त डिपरला होता. पुढे १९९९ मध्ये मर्सिडीजने बाय-झेनॉन आणला : दिवा सतत चालू आणि पुढे हलणारा पडदा. पडदा वर, की डिपर. पडदा खाली, की अप्पर. इथेही उजेड अडवणंच. शिवाय युरोपच्या नियमांत एक अट आली. डिपरचा उजेड २००० लुमेनच्या वर असेल, तर हेडलाइट आपोआप वर-खाली जुळवून घेणारी यंत्रणा हवी आणि काच धुणारा फवाराही हवा. कारण काचेवर चिखल असला तर उजेड विखरतो आणि कटऑफ जातो.

एलईडीची गोष्ट जपानमधली. पांढऱ्या एलईडीसाठी आधी निळा लागतो, आणि झगझगीत निळा एलईडी १९९० च्या दशकात शक्य झाला. त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. २००७ मध्ये लेक्ससच्या एलएस ६०० एचमध्ये एलईडीचा डिपर आला. खरी उडी मात्र २०१३ मध्ये ऑडी ए-एटने मारली. अप्परसाठी प्रत्येक हेडलाइटमध्ये २५ एलईडी, प्रत्येकावर वेगळा कंट्रोल. कॅमेऱ्याला समोरून गाडी येताना दिसली, की तेवढ्याच भागातले एलईडी मंद किंवा बंद. बाकी रस्ता उजळलेलाच! अमेरिकेने तर असे हेडलाइट २०२२ मध्ये कुठे नियमात बसवले.

मग उत्तर काय? निव्वळ उजेडात झेनॉन आजही कमी नाही. पण झेनॉनची ठिणगी एकच, तिचे तुकडे करता येत नाहीत. एलईडीचे करता येतात, आणि तेही चुटकीसरशी. कोडिंगच्या भाषेत सांगायचं, तर झेनॉन म्हणजे एक मोठं बटण आणि एलईडी म्हणजे पिक्सेल. एलईडी जिंकला तो यामुळे.

पण हे सगळं कंपनीने बसवलेल्या अख्ख्या हेडलाइटबद्दल. माझ्यासारखा नुसता बल्ब बदलला, तर गणित फसतं. हॅलोजनचा रिफ्लेक्टर हा तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. तिथे झेनॉनची ठिणगी किंवा एलईडीची चिप आली, की उजेड निघण्याची जागा आणि आकार बदलतो. कटऑफची रेघ पुसट होते आणि उजेड वर उधळतो. गाडीत बसलेल्याला वाटतं, वा, काय लख्ख दिसतंय! त्याची किंमत समोरचा मोजतो. ताशी ८० च्या वेगात सेकंदाला २२ मीटर अंतर जातं. दोन सेकंद डोळे दिपले, तर ४४ मीटर आंधळेपणाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुने बल्ब परत बसवले. अजून एक सांगतो. स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते, ती बऱ्याच जणांनी कधी फिरवलेलीच नसते. मागे माणसं-सामान भरलं, की गाडीचं नाक वर होतं, आणि उजेडही. तेव्हा ती फिरवून झोत खाली आणा. आणि आपल्या ट्रकांच्या मागे रात्री डिपर वापरा असं लिहिलेलं असतं, ते मनावर घ्या.

मामा आता रात्री गाडी चालवत नाहीत. वयाने डोळ्यात उजेड जास्त पसरतो, तसं त्यांचं झालंय. ते म्हणतात, "पूर्वी समोरची गाडी दिसायची, आता नुसते दिवे दिसतात." आयुष्यभर रात्रीच्या फेऱ्या केलेला माणूस हे बोलतोय.

आज रात्री गाडी भिंतीसमोर लावून तुमची कटऑफची रेघ बघा, आणि काय दिसलं ते मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!